सोडण

आम्ही उड्या मारण्याआधी इनासने पाण्यात
नारळाचं एक सोडण टाकलं.
शलाका फटकन म्हणाली,
समुद्र म्हणजे काय उकिरडा आहे?
तो हसला नाही.
"पयलीं पळय, उदक खंय वता तें."
आम्ही फोटो काढत होतो.

बेतुलच्या धक्क्यावरून सातला निघालो होतो.
पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले,
ओहोटी लागलेली,
साळ नदी आपलं सगळं पोट रिकामं करत
बाहेर चाललेली.
हे मला आता कळतं. तेव्हा दिसलं ते
हिरवं, गुळगुळीत, बिनसुरकुतीचं पाणी,
लांब काब-द-रामचा कडा,
आणि होडीच्या कुशीवर निळ्या रंगात, हाताने लिहिलेलं, मिंगेल.
कुणी संत असेल, असं धरून चाललो.

मी पोहणारी आहे.
पुण्यातल्या तलावातली, काचेच्या कपाटातल्या चार पदकांची.
दर पंचवीस मीटरला एक भिंत येते,
पाय तिला ढकलून परत फिरतात.
यालाच मी इतकी वर्षं पोहणं म्हणत होते.

पाणी गार नव्हतं.
डोकं वर काढलं तेव्हा होडी हाताच्या अंतरावर.
पाठीवर पडून राहिले,
एक घार कड्यावरून निघून
पुन्हा कड्याआड जाईपर्यंत.
वळून पाहिलं
तर होडी काड्यापेटीएवढी.

पहिला आला तो राग.
हे मला सोडून कुठे चाललेत?
कारण माझ्याभोवतीचं पाणी तर जागचं हलत नव्हतं.
नांगर होडीला होता, मला नव्हता,
हे उमगायला फार वेळ लागला.
लाट नाही, आवाज नाही,
झोपलेल्या मुलाला उचलून
दुसऱ्या खोलीत नेतात
तसं ते मला नेत होतं.

हात मारले. शंभर मारले.
काड्यापेटी तेवढीच.
हाक मारायला तोंड उघडलं
तर खारं पाणी आधी आत शिरलं.

आणि इनास उडी मारत नव्हता.
तो उभा राहून बोटाने डोकी मोजत होता.
यशोधन आणि मिथिल शिडीला लोंबकळत होते,
इंजिनाच्या पंख्यापासून हातभर.
ते दोघे आत आल्याशिवाय
तो इंजिनाची दोरी ओढणार नव्हता.
बरोबरच होतं ते.
त्या क्षणी मला तो खुनी वाटला.

मग कधीतरी गुरगुर जवळ आली, बंद पडली,
दोराच्या टोकाला बांधलेला एक पिवळा कॅन
माझ्या खांद्यावर आपटला.
त्यावर कुठल्याशा खोबरेल तेलाचं अर्धं नाव.
त्याला मी जशी बिलगले
तशी कुणालाच बिलगलेली नाही.
हे घरी सांगितलेलं नाही.

आत आल्यावर उलटी, कुणाचा तरी टॉवेल,
शलाकाच्या हातात संत्र्याची फोड, तीही थरथरणारी.
इनासने पुन्हा मोजलं.
एक, दोन, तीन, चार,
आणि बोट पुढे सरकून
मागच्या रिकाम्या फळीवर थांबलं.
जरा जास्तच थांबलं.

आम्ही चारच होतो.

कुणी विचारलं नाही.
त्याने ओल्या दोराचं वेटोळं केलं
आणि त्या फळीवर ठेवलं,
सावकाश, उशी ठेवावी तसं.

परतताना मी पाण्यात सोडण शोधत राहिले.
कुठे दिसलं नाही.
ते आपल्या वाटेने केव्हाच गेलं होतं,
माझ्या कितीतरी पुढे.

परवा तलावात भिंतीला हात लागला
आणि मी वळले नाही.
फरशीची कड धरून राहिले.
सरांनी शिट्टी तोंडातून काढली,
"काय गं, दम लागला?"
हो म्हटलं.